पाहुणा आणि घरधनी

आपल्याकडील गाण्याच्या बैठकींत गवई, तबलजी आणि सारंगिया एकमेकांच्या नजरेवर चालतात. त्यांच्यापुढें छडी घेऊन उभा राहणारा कोणी नसतो. पाश्चात्य वाद्यवृंदाची गोष्ट निराळी. तेथें सत्तर-ऐशीं वादक एकदम वाजवीत असतात. प्रत्येकापुढें त्याच्या वाद्यापुरती स्वरलिपि असते. सबंध रचना डोळ्यांसमोर असते ती एकट्या संचालकाच्या. लय कोणती धरावयाची, कोणतें वाद्य पुढें आणावयाचें आणि कोणतें दबवावयाचें, हें तोच ठरवितो. म्हणून ही जागा रिकामी झाली कीं, एखाद्या संस्थानच्या दिवाणाची जागा रिकामी व्हावी तशी त्या शहरांत चर्चा सुरू होते. हंगामांत एकामागून एक पाहुणे संचालक बोलावले जातात. श्रोत्यांना जलसा ऐकावयास मिळतो, आणि चालकांना उमेदवारांची परीक्षा घेतां येते. ही रीत कितपत हितकारक आहे, याची साक्ष इंग्लंडांतील मँचेस्टर शहराच्या हॅले वाद्यवृंदाचा इतिहास देतो.

मँचेस्टर हें नांव महाराष्ट्रांत घरोघर पोहोंचलें तें कापडामुळें. १९०५ सालीं पुण्यांत विलायती कापडाची होळी झाली, ती याच व्यापाराविरुद्ध. परंतु त्या धुरकट गिरणगांवांत संगीताची आवड जुनी होती. चार्ल्स हॅले हा जन्मानें जर्मन पियानोवादक. १८४८ च्या राज्यक्रांतीमुळें पॅरिस सोडून तो इंग्लंडांत आला आणि मँचेस्टरला स्थायिक झाला. १८५७ सालीं तेथें कलावस्तूंचें मोठें प्रदर्शन भरलें, त्यासाठीं त्यानें वादक जमविले. प्रदर्शन संपल्यावर हा मेळ मोडूं नये म्हणून ३० जानेवारी १८५८ पासून त्यानें स्वतःच्या जोखमीवर जलसे सुरू केले. पुढें सदतीस वर्षें संस्थापक, संचालक आणि व्यवस्थापक तोच होता. अर्थात् १८९५ च्या ऑक्टोबरांत तो वारला, तेव्हां सारी संस्थाच पोरकी झाली.

शहरांतील तिघा सधन गृहस्थांनीं नुकसानीची हमी घेऊन जलसे चालूं ठेविले. त्यांच्या मनांतून हान्स रिख्टर हवा होता. वाग्नेरची चार भागांची संगीतनाट्यमाला १८७६ सालीं बायरॉइट येथें प्रथम समग्र झाली, तिचा हा संचालक. पण तो व्हिएन्नाच्या नोकरींत गुंतलेला होता. मध्यंतरीं फ्रेडरिक कावेन यानें १८९६ पासून तीन वर्षें वाद्यवृंद सांभाळला. तो गुणी रचनाकार होता आणि त्यानें काम मनापासून केलें. परंतु आपण दुसऱ्यासाठीं राखलेल्या आसनावर बसलों आहों, हें त्याला पुढें कळून चुकलें. वर्तमानपत्रांतून दोन पक्ष पडले, कांहींसा कडवटपणाहि आला. १८९९ सालीं रिख्टर आला आणि १९११ पर्यंत राहिला. एल्गारची पहिली सिंफनी ३ डिसेंबर १९०८ रोजीं जगानें प्रथम ऐकली, ती मँचेस्टरमध्यें, त्याच्याच छडीखालीं. चालकांची निवड अचूक ठरली, यांत शंका नाहीं. तरीपण तिची किंमत कावेननें मोजली, हेंहि विसरतां येत नाहीं.

रिख्टरनंतर आलेला मिखाएल बालिंग १९१४ च्या महायुद्धामुळें परत येऊं शकला नाहीं. युद्धकाळांत टॉमस बीचम यानें कार्यभार उचलला. १९२० ते १९३३ हॅमिल्टन हार्टी यानें वाद्यवृंदाला पुन्हां वैभव आणलें. तो गेल्यावर मात्र सहा वर्षें कायमचा संचालक नेमलाच नाहीं. बीचमसारखे नामांकित पाहुणे येत-जात राहिले.

वरवर पाहतां हा थाट मोठाच. परंतु पाहुण्याला तालमी मिळतात एक-दोन. तेवढ्यांत बसेल अशीच रचना तो निवडतो. व्हायोलिनच्या मागच्या रांगेंत दुबळेपणा आहे, एखाद्या म्हाताऱ्या वादकाचा दम आतां पुरत नाहीं, हें त्याच्या ध्यानांत येतें. पण तो तें बोलून दाखवीत नाहीं, कारण दुसऱ्या दिवशीं त्याला आगगाडी गांठावयाची असते. घरांतील गळक्या छपराची काळजी पाहुणा करीत नाहीं. तशी अपेक्षा करणेंहि अन्यायाचें.

१९३९ सालीं माल्कम सार्जंट याची नेमणूक झाली, तोंच दुसरें महायुद्ध आलें. १९४० च्या डिसेंबरांत बाँबवर्षावानें जलशांचें सभागृह उद्ध्वस्त झालें. सार्जंट शेजारच्या लिव्हरपूलकडे वळला. शिवाय हॅलेचे सुमारें निम्मे वादक नभोवाणीच्या वाद्यवृंदांतहि वाजवीत असत.

अशा वेळीं चालकांनीं न्यूयॉर्कला जॉन बार्बिरोली यास बोलावणें धाडलें. हा स्वतःच पाहुणेपणाच्या कसोटींतून गेलेला. टोस्कानिनी गेल्यावर १९३६ सालीं त्याला तेथें दहा आठवड्यांपुरतें बोलाविलें होतें आणि पुढें तीच जागा त्याला मिळाली. १९४३ च्या जूनमध्यें तो मँचेस्टरला पोहोंचला. सत्तर वादकांचा ताफा मिळेल या समजुतीनें तो आला होता; हातीं लागले जेमतेम निम्मे. दोन्हीकडे वाजविणारांना एक नोकरी निवडण्यास सांगितलें, तेव्हां बहुतेकांनीं नभोवाणी पसंत केली. पहिला जलसा ५ जुलैला ब्रॅडफर्ड येथें ठरलेला. बार्बिरोलीनें दिवसचे दिवस उमेदवारांची वाजवणी ऐकली. तरुण पुरुष लढाईवर होते. म्हणून शाळकरी मुलगे, नवशिक्या मुली, हौशी वादक, ज्यांत गुण दिसला त्यांस त्यानें घेतलें आणि तालमींनीं घडविलें. जलसा ठरल्या दिवशीं झाला.

पुढें लंडनच्या नभोवाणीनें मोठें पद देऊं केलें, तरी त्यानें तें नाकारलें. १९५१ सालीं नव्यानें बांधलेल्या सभागृहांत त्याच वाद्यवृंदाचे सूर घुमले, आणि १९७० सालीं मृत्यु येईपर्यंत बार्बिरोलीचें नातें तुटलें नाहीं.

पाहुण्यांतून धनी निवडण्याची रीत अद्याप चालूच आहे. सर मार्क एल्डर यानें २००० सालापासून जवळ जवळ पाव शतक हॅलेचें नेतृत्व केलें. त्याच्यानंतर २०२४ सालीं सिंगापूरचा काचून वाँग त्या जागीं आला, तोहि आधीं पाहुणा म्हणूनच येऊन गेला होता. या परीक्षेंत वाईट कांहीं नाहीं. मात्र दोन तासांच्या जलशांत दिसते ती कलावंताची चमक. पडक्या भिंतींत, अर्ध्या ताफ्यानिशीं, तो तेथेंच पाय रोवून उभा राहील कीं नाहीं, हें त्या दोन तासांत कळत नाहीं. आणि मँचेस्टरला १९४३ सालीं गरज होती ती त्याचीच.