पितळखोरे : डागडुजी कशाची आणि किती?

वेरूळ-अजिंठ्याला जाणारे पुष्कळ; पितळखोऱ्याकडे वळणारे थोडे. कन्नड तालुक्यातील डोंगरपठारावरून पायऱ्यांनी दरीत उतरावे, तेव्हा कुठे ही लेणी दिसतात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास ती कोरली जाऊ लागली. म्हणजे अजिंठ्याच्या आद्य लेण्यांची ही समकालीन भावंडेच होत.

ही राजाची एकट्याची कृती नव्हे. तिसऱ्या लेण्यातील, म्हणजे चैत्यगृहातील, एक स्तंभ पैठणच्या गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुळातील मितदेवाने दिला. चौथ्या लेण्यात राजवैद्य मगिलाचे दान कोरलेले आहे. ह्याच लेण्यापुढील ढिगाऱ्यातून उत्खननात एक हसरा, ठेंगू यक्ष निघाला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कण्हदास नावाच्या सोनाराने आपण तो घडविल्याचे त्याच्या हातावर लिहून ठेवले आहे. प्राचीन शिल्पांवर कलावंताचे नाव क्वचितच सापडते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या एका ओळीचे मोल कळते. म. न. देशपांडे ह्यांनी ह्या लेण्यांचा सविस्तर वृत्तांत 1959 साली प्रसिद्ध केला.

परंतु आज आम्ही तेथे उभे राहतो तेव्हा प्रथम दिसते ती पडझड. येथील खडकाचे थर ठिसूळ. पावसाचे पाणी त्यांत मुरते आणि दगड सुटतो. दर्शनी भाग कोसळले, अनेक स्तंभ नाहीसे झाले. पुरातत्त्व खात्याने चैत्यगृहात नवे, साधे स्तंभ उभारून आधार दिला. ते रुक्ष दिसतात, अशी तक्रार ऐकू येते. आम्हांस ती मान्य नाही. नव्याने जुन्याचे सोंग घेऊ नये, हेच प्रामाणिकपणाचे. शेजारच्या जुन्या स्तंभांवर काही शतकांनंतर रंगविलेल्या बुद्धाकृती अजून अंधुक दिसतात. खरी काळजी त्यांची वाहिली पाहिजे.

आणि उपाय कोठे शोधावा? चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. जवळच पाच फणांचा नाग आहे. खडकात मुरणारे पाणी वाट करून त्या नागाच्या मुखांतून बाहेर पडावे, अशी योजना मूळ कारागिरांनीच केली होती. त्यांनी शत्रू ओळखला होता. तेव्हा आधी पाण्याची वाट मोकळी करावी, मग खडक सांधावा. शोभेचा विचार सर्वांत शेवटी. मितदेवाने आणि मगिलाने आपापला वाटा दिला. ह्या लेण्यांना आता आपला वाटा हवा आहे, आणि तो पुढच्या पावसाळ्यांची वाट न पाहता दिला पाहिजे.