ताडाचें मेण आणि मोटारीचें रोगण

बग्गी जाऊन मोटार आली, तेव्हां बग्गीचें पुष्कळसें सामान नव्या वाहनानें तसेंच उचललें. गाद्या, दिवे, पायऱ्या ह्यांच्याबरोबर रंगही बग्गीचाच आला. जवसाच्या तेलांत राळ शिजवून केलेलें रोगण थरावर थर द्यावयाचें, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबावयाचें, तो घासून गुळगुळीत करावयाचा, आणि मग पुढचा थर, असा तो संथ क्रम होता. एक गाडी रंगून बाहेर पडावयास कित्येक आठवडे लागत. हें रोगण दिसावयास सुरेख, पण प्रकृतीनें मोठें नाजूक. विलायतेंतील श्रीमंतांच्या घरीं बग्गीखाना तबेल्यापासून दूर ठेवीत, त्याचें एक कारण असें कीं, तबेल्यांतील अमोनियाच्या वाफेनें रोगणाचें पाणी उतरे. मोटारीला तबेला नव्हता हें खरें. पण ऊन, चिखल आणि धूळ हीं होतींच, आणि बग्गीपेक्षां तिची धांवही अधिक. वर्षा-दोन वर्षांनीं गाडी पुन्हां रंगाऱ्याकडे धाडणें हा मालकाच्या खर्चाचा एक ठरलेला भाग असे.

हेन्री फोर्डनें ह्या दिरंगाईवर आपल्या पद्धतीनें तोड काढली. 1914 पासून 1925 पर्यंत त्याची ‘मॉडेल टी’ गाडी काळ्या रंगाखेरीज दुसऱ्या रंगांत मिळत नसे. डांबरासारख्या पदार्थापासून केलेलें काळें रोगण स्वस्त आणि टिकाऊ असे, व त्यांतलें बरेंचसें भट्टींत भाजून लवकर वाळवितां येई. परंतु ज्या गिऱ्हाइकाला निळी किंवा हिरवी गाडी हवी, त्याची सोय ह्यानें झाली नाहीं.

ती सोय झाली दारूगोळ्याच्या कारखान्यांतून. पहिलें महायुद्ध संपल्यावर ड्यूपाँ कंपनीपुढें प्रश्न पडला कीं, स्फोटक द्रव्यांचा एवढा मोठा उद्योग आतां कोणत्या कामीं लावावयाचा? कापसावर नत्राम्लाची क्रिया करून बंदुकीची धूरविरहित दारू बनते. त्याच जातीचा, पण सौम्य केलेला पदार्थ द्रावकांत विरघळवून तिनें ‘ड्यूको’ नांवाचें नवें रोगण केलें. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तें प्रथम 1923 सालीं चढलें, आणि तेंही निळ्या रंगांत! पिचकारीनें उडवावें आणि थोड्याच वेळांत वाळावें, असा त्याचा गुण. आठवड्यांचें काम तासांवर आलें.

ह्या क्रांतीची वाहवा पुष्कळ झाली आहे व ती योग्यच आहे. पण तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाहीं. नवें रोगण पिचकारींतून निघे तें निस्तेज. घासल्यावांचून त्याला चकाकी येत नसे. बरें, आलेली चकाकीही फार दिवस टिकत नसे. उन्हांतील जंबुपार किरण आणि हवेंतील प्राणवायु मिळून पृष्ठभागावरील बंधक द्रव्य हळूहळू कुजवितात. मग रंगाचे कण सुटे होऊन गाडीवर खडूसारखी भुकटी धरते. म्हणजे कारखान्यानें जो वेळ वांचविला, त्यांतला बराच वेळ मालकाच्या रविवारावर चढला. हा व्यवहार कोणी ठरवून केला असें नाहीं, परंतु झाला तो असा. ड्यूपाँ कंपनीही पुढें आपल्याच रोगणासाठीं घासण्याचें पॉलिश विकूं लागली. शिकागोच्या ‘सिमोनाइझ’ मेणाचा तर अमेरिकेंत इतका बोलबाला झाला कीं, गाडीला मेण लावणें ह्या अर्थीं त्या नांवाचें इंग्रजींत क्रियापदच बनलें.

ह्या कामाचीं दोन अंगें आहेत आणि त्यांची गल्लत नेहमीं होते. पॉलिशांत अतिसूक्ष्म खर असते. तें रंगाचा वरचा मेलेला पापुद्रा खरवडून काढतें. मेण कांहींच काढीत नाहीं. तें वर एक पातळ आवरण घालतें, पाण्याला ठरूं देत नाहीं, आणि पांखरांची विष्ठा किंवा काजळी ह्यांचा पहिला मारा स्वतः सोसून झिजून जातें. म्हणून मेण वारंवार लावावें लागतें, आणि पॉलिश मात्र जपून वापरावें लागतें. आमच्याकडे रोज सकाळीं कोरड्या फडक्यानें गाडी पुसण्याची जी चाल आहे, ती म्हणजे रस्त्यावरील धुळीचेंच फुकटचें पॉलिश होय.

मेण कोणतें, ह्या प्रश्नाचें उत्तर ब्राझीलच्या ईशान्य भागांत सांपडतें. सेआरा, पियाउई ह्या कोरड्या प्रांतांत कार्नौबा नांवाचा ताड होतो. कडक उन्हाळ्यांत आपल्या पानांतील ओलावा उडून जाऊं नये म्हणून हें झाड पानांवर मेणाचा लेप धरतें. उन्हापासून पृष्ठभागाचें रक्षण, हेंच काम त्याच्याकडून मोटारीवर घेतलें जातें! मधमाशांचें मेण सुमारें 63 अंश सेंटिग्रेडला वितळतें. कार्नौबा 82 ते 86 अंशांपर्यंत दम धरतें, त्यामुळें तापलेल्या पत्र्यावर तें टिकतें. तें इतकें कठीण असतें कीं नुसतें हातानें चोळतां येत नाहीं. द्रावक आणि मऊ मेणें मिसळून त्याचा मलम करावा लागतो.

ह्या ताडाच्या शोधांत 1935 सालीं रॅसीन गांवचा मेणाचा कारखानदार हर्बर्ट जॉन्सन हा जमिनीवर व पाण्यावर दोन्हीकडे उतरणाऱ्या सिकोर्स्की विमानांतून सेआरातील फोर्तालेझा शहरापर्यंत गेला. धंदा वाढला तर झाडें पुरतील काय, हें त्याला स्वतः पाहावयाचें होतें. त्याच्या मुलानें 1998 सालीं तशाच विमानाची प्रतिकृति करवून तोच प्रवास पुन्हां केला. पितृभक्तीचा हा प्रकार मनोहर आहे खरा.

पुढील हकीकत थोडक्यांत आटोपतां येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर मेणांत सिलिकोन तेलें आलीं. त्यांनीं हाताचे कष्ट वांचले. पण त्यांचा अंश राहिलेल्या पत्र्यावर नवा रंग देतांना माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात, म्हणून रंगारी त्यांना शिव्या मोजतात. 1980 च्या सुमारास रंगावर पारदर्शक रोगणाचा निराळा थर देण्याची रीत रूढ झाली. त्यांत जंबुपार किरण शोषणारीं द्रव्यें असल्यामुळें जुनी खडूची भुकटी पुष्कळ अंशीं बंद पडली. म्हणजे ज्या दुखण्यासाठीं मेण निघालें, तें दुखणें बरेंचसें गेलें. औषध मात्र राहिलें. महिनोन्‌महिने टिकणारीं कृत्रिम सीलंटें आणि वाळूच्याच जातीच्या सिलिकेचीं ‘सिरॅमिक’ लेपनें आज विकलीं जातात. तीं निरुपयोगी नाहींत. परंतु त्यांच्या जाहिरातींत जो ‘9 एच’ कठीणपणा मिरवितात, तो रत्नांचा नव्हे, पेन्सिलीच्या शिसाचा आहे, एवढें गिऱ्हाइकानें ध्यानांत ठेवावें.

कार्नौबाचा खप मात्र कमी झालेला नाहीं. मोटारीखेरीज गोळ्या, मिठाई आणि ओठांचे रंग ह्यांनाही चकाकी तेंच देतें. कोरड्या महिन्यांत मजूर लांब काठीला बांधलेल्या कोयत्यानें उंचावरचीं पानें उतरवितात, तीं काटेरी देठांचीं पानें गोळा करून उन्हांत वाळवितात, आणि झोडपून त्यांवरील पूड काढतात. एका पानामागें जेमतेम कांहीं ग्रॅम. ब्राझीलच्या सरकारी निरीक्षकांनीं ह्या मळ्यांतून गुलामासारख्या स्थितींत राबणारीं माणसें वेळोवेळीं सोडविलीं आहेत. उघड्यावर निजणें आणि शुद्ध पाण्याची वाण, असें त्यांचें जिणें होतें. 2017 सालीं जर्मनींत दूरचित्रवाणीवरून ह्याचा बोभाटा झाला, तो एका मिठाईच्या कारखान्याच्या निमित्तानें. मोटारीच्या मेणाचा डबा घेणारा माणूस त्यावर कार्नौबाचें नांव पाहून समाधान पावतो. तीं पानें कोणीं उतरविलीं, हें डब्यावर लिहिलेलें नसतें.