टायर काळा का असतो?

सायकल असो, एस.टी. असो की विमान, चाकावरचा टायर काळाच असतो. रबराच्या झाडाचा चीक मात्र दुधासारखा पांढरा असतो आणि त्यापासून केलेले कच्चे रबर पिवळसर, फार तर तपकिरी. मग हा काळा रंग आला कोठून? मुलांना विचारले तर 'मळ दिसू नये म्हणून' असे उत्तर बहुधा मिळते. उत्तर तर्काला धरून आहे, पण बरोबर नाही. टायर काळा दिसतो तो त्यात मिसळलेल्या काजळीमुळे, आणि ही काजळी काही रंगासाठी घातलेली नसते. मोटारीच्या टायरच्या वजनात साधारणपणे पाचवा ते चौथा हिस्सा काजळीचा असतो. ती नसेल तर टायर फार लवकर झिजून जाईल. तो कृत्रिम रबराचा असेल तर त्याला टायर म्हणणेही कठीण होईल. असे का, हे समजण्यासाठी सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

पांढऱ्या टायरचे दिवस

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. गंधकाबरोबर तापवल्यास त्याचा हा दोष जातो, असे १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना आढळले. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. रबराचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात. गंधकाचे अणू या साखळ्यांना मधूनमधून एकमेकींशी बांधतात. त्यामुळे रबर ताणले तरी साखळ्या एकमेकींवरून कायमच्या घसरत नाहीत आणि ताण सोडला की पूर्ववत होतात.

१८८८ साली बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेले टायर बसवले. पुढे मोटारी आल्या. त्या काळच्या टायरमध्ये भर म्हणून झिंक ऑक्साइड हे पांढरे चूर्ण घालत, त्यामुळे टायर पांढरट दिसत. मिशेलिन कंपनीच्या जाहिरातीतला टायरांचा बनलेला गुबगुबीत माणूस आपण पाहिला असेल. तो १८९८ साली जन्माला आला. आजही तो पांढराच आहे, कारण त्या वेळी टायर फिक्या रंगाचे होते.

हे टायर काही हजार किलोमीटरमध्ये झिजत. १९०४ साली लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथील रबराच्या कारखान्यात एस. सी. मोट यांना दिसून आले, की रबरात बारीक काजळी पुरेशा प्रमाणात मिसळली तर ते घर्षणाला कितीतरी जास्त दाद देत नाही. १९१० नंतर अमेरिकेतील ॲक्रन या गावच्या टायर कारखानदारांनी हे तंत्र उचलले. काजळीचा पुरवठा करणाऱ्यांत बिनी अँड स्मिथ ही कंपनी होती. मुलांच्या परिचयाचे क्रेयोला रंगखडू याच कंपनीने १९०३ साली बाजारात आणले होते. रंगवाल्यांची काजळी अशा रीतीने टायरवाल्यांकडे आली. सुरुवातीला टायरचा फक्त रस्त्याला टेकणारा भाग काळा असे आणि बाजू पांढऱ्याच राहत.

दिव्यावरची वाटी

आपल्याकडे घरी काजळ कसे धरतात, हे आठवा. तुपाचा दिवा लावून त्याच्या ज्योतीवर वाटी किंवा ताम्हन पालथे धरायचे. ज्योतीला पुरेशी हवा मिळत नाही, तुपातील सगळा कार्बन जळत नाही आणि न जळलेला कार्बन वाटीच्या गार बुडाला काळ्या थराच्या रूपाने चिकटतो. पोथ्या लिहिण्याची शाईही अशाच काजळीपासून करीत.

अमेरिकेतील कारखान्यांत हेच काम मोठ्या प्रमाणावर चाले. लांब पत्र्याच्या घरांत नैसर्गिक वायूच्या हजारो लहान ज्योती तेवत ठेवत. त्यांच्यावर लोखंडी पन्हळी हळूहळू मागेपुढे सरकत. पन्हळीच्या बुडाला जमलेली काजळी खरवडून काढली जाई. पन्हळीला इंग्रजीत चॅनेल म्हणतात, म्हणून या काजळीचे नाव चॅनेल ब्लॅक. ही पद्धत अतिशय उधळी होती. वायूतील शंभर भाग कार्बनपैकी पाच भागही क्वचितच हाती लागत. बाकीचा जळून जाई किंवा काळ्या धुराच्या रूपाने आसपासच्या गावांवर पसरे. टेक्सास व लुइझियाना या राज्यांत नैसर्गिक वायू मुबलक आणि स्वस्त होता, म्हणूनच हा धंदा चालला.

युद्ध आणि रबर

येथपर्यंतची हकीकत झाडाच्या रबराची आहे. झाडाचे रबर काजळीशिवाय मुळातच बऱ्यापैकी बळकट असते. काजळीने ते जास्त टिकाऊ झाले, एवढेच. काजळीची खरी कसोटी लागली ती कृत्रिम रबरात.

जर्मनीला रबराचे मळे नव्हते. तेथील आय. जी. फार्बेन कंपनीत वॉल्टर बॉक व एडुआर्ड चुंकुर या रसायनशास्त्रज्ञांनी १९२९ साली ब्यूटाडाईन व स्टायरीन या दोन पदार्थांच्या रेणूंची साखळी जोडून कृत्रिम रबर तयार केले. त्याचे नाव बूना एस. त्यात साधारण तीन भाग ब्यूटाडाईन आणि एक भाग स्टायरीन असे. या रबराला गंधक लावून नुसते ताणले, तर दर चौरस सेंटिमीटरला वीस-तीस किलोग्रॅम भारालाच ते तुटते. झाडाचे रबर दोनशे किलोग्रॅमच्या पुढे जाते. पण शंभर भाग कृत्रिम रबरात सुमारे पन्नास भाग बारीक काजळी मिसळली, की तेही दोनशेच्या आसपास पोहोचते. म्हणजे बळ जवळजवळ दहापट होते! झाडाच्या रबरात तेवढीच काजळी घातली तर झीज कमी होते, ते ताठ होते, चिरत नाही. पण तुटण्याच्या बळात असा मोठा फरक पडत नाही.

असे का होते? झाडाच्या रबरातील साखळीची प्रत्येक कडी सारखी असते आणि सारख्याच पद्धतीने जोडलेली असते. ते ताणले की साखळ्या शेजारी शेजारी समांतर येतात आणि जागोजागी त्यांचे स्फटिक बनतात. हे स्फटिक पुढे येणारी चीर अडवून धरतात. ताण वाढेल तसे रबर स्वतःच स्वतःला बळकट करते. कृत्रिम रबरात दोन प्रकारच्या कड्या वाटेल त्या क्रमाने आलेल्या असतात. त्यामुळे साखळ्या नीट जुळत नाहीत आणि स्फटिक बनत नाहीत. चीर पडली की ती अडवायला कोणी नसते. हे अडवण्याचे काम काजळी करते.

याचे महत्त्व १९४२ साली जगाला कळले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. मलाया आणि डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचे इंडोनेशिया, हे रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले. अमेरिकेला मिळणाऱ्या रबरापैकी सुमारे नऊ दशांश रबर बंद झाले. विमाने, ट्रक, तोफगाडे सगळेच रबरावर चालणारे. बर्नार्ड बरूक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सप्टेंबर १९४२ मध्ये अहवाल दिला. टायर वाचवण्यासाठी देशभर मोटारींचा वेग ताशी ३५ मैलांवर आणावा आणि पेट्रोलचे रेशनिंग करावे, अशी शिफारस त्यात होती. कृत्रिम रबराचे कारखाने उभारण्यासाठी सरकार, एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या आणि विद्यापीठे एकत्र आली. १९४५ साली अमेरिकेत वर्षाला सुमारे नऊ लाख टन कृत्रिम रबर बनत होते आणि त्यातील बहुतेक ब्यूटाडाईन-स्टायरीन रबर होते. या प्रचंड उत्पादनाचा टायरसाठी उपयोग झाला तो काजळीमुळे. नुसत्या रबराचे टायर रस्त्यावर टिकले नसते.

नव्या रबराला काजळीही नवी लागली. चॅनेल काजळीचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो आणि त्यामुळे व्हल्कनीकरण मंदावते. १९४३ साली फिलिप्स पेट्रोलियम कंपनीने टेक्सासमधील बोर्गर येथे तेलापासून काजळी करणारी भट्टी सुरू केली. तापलेल्या भट्टीत जड तेलाचा फवारा सोडायचा, हवा बेताची द्यायची आणि क्षणार्धात पाण्याच्या फवाऱ्याने क्रिया थांबवायची, अशी ही पद्धत. तिच्यात तेलातील निम्म्याच्या आसपास कार्बन हाती लागतो आणि कणांचा आकारही हवा तसा ठेवता येतो. अमेरिकेतील चॅनेल काजळीचे कारखाने १९७६ पर्यंत बंद झाले.

काजळी नेमके काय करते?

टायरच्या पृष्ठभागासाठी वापरल्या जाणाऱ्या एका नेहमीच्या काजळीचा कण सुमारे ३० नॅनोमीटरचा असतो. असे तेहतीस हजार कण ओळीने ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. पदार्थाचे जितके बारीक तुकडे करावे तितके त्याचे पृष्ठफळ वाढते. या काजळीच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे ८० चौरस मीटर असते, म्हणजे आठ मीटर रुंद आणि दहा मीटर लांब अशा वर्गखोलीच्या जमिनीएवढे. एका किलोग्रॅमचे झाले सुमारे वीस एकर! एवढ्या पृष्ठभागावर रबराच्या साखळ्या चिकटतात. त्या इतक्या घट्ट बसतात, की काजळी मिसळलेले कच्चे रबर टोल्युईनसारख्या द्रावकात कितीही दिवस ठेवले तरी त्यातील काही भाग विरघळतच नाही.

दुसरी गोष्ट, हे कण सुटे नसतात. द्राक्षांच्या घडासारखे ते एकमेकांना जुळलेले असतात. घडाच्या फटींत रबर अडकते. ताण आला की एकेक साखळी तुटण्याऐवजी भार घडाच्या आधाराने शेजारच्या अनेक साखळ्यांवर वाटला जातो. पुढे येणारी चीर कणांना वळसे घालत जाते आणि तिचा जोर कमी होतो. याशिवाय काजळी उन्हातील जंबुपार किरण शोषून घेते. रबर त्यामुळे लवकर जुने होत नाही.

खडूची पूड किंवा चिकणमाती मिसळूनही रबर स्वस्त करता येते. पण त्या भरड कणांनी बळ फारसे वाढत नाही. भर घातली की माल कमअस्सल होतो, हा आपला रोजचा अनुभव. भर कशाची आहे, किती बारीक आहे आणि मूळ पदार्थाशी तिचे कसे जुळते, यावर ती भेसळ ठरणार की आधार, हे अवलंबून असते.

फायद्याची किंमत

काजळीने दिलेले बळ फुकट मिळत नाही. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकतो, दबतो आणि सुटतो. प्रत्येक वेळी काजळीच्या घडांमधले दुवे तुटतात आणि पुन्हा जुळतात. त्यात खर्च झालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणजे पर्यायाने इंधन वाया जाते. १९९२ साली मिशेलिन कंपनीने काजळीच्या बऱ्याचशा भागाऐवजी सिलिका वापरलेला टायर बाजारात आणला. सिलिका म्हणजे वाळूतले द्रव्य. ती रबराशी स्वतःहून नीट चिकटत नाही, म्हणून सिलेन या दुव्याने ती बांधावी लागते. अशा टायरमध्ये ऊर्जा कमी वाया जाते आणि ओल्या रस्त्यावर पकडही चांगली राहते. मोटारींच्या टायरमध्ये सिलिकेचा वापर त्यानंतर खूप वाढला. मालट्रक व विमानांच्या टायरमध्ये मात्र अजूनही झाडाचे रबर आणि काजळी यांचाच मोठा वाटा असतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक जाड रबरबँड ओठांना लावून एकदम ताणा. तो कोमट लागेल. ताणलेलाच काही वेळ धरा आणि मग सोडून पुन्हा ओठांना लावा. आता तो गार लागेल. ताणताना रबराच्या साखळ्या ओळीने लागतात, ही गोष्ट अशी ओठांना कळते. त्यानंतर शिक्षकांनी पणतीच्या ज्योतीवर स्टीलची वाटी चिमट्याने धरावी आणि जमलेली काजळी मुलांना बोटावर घेऊन चोळायला सांगावी. ती किती बारीक आहे आणि कातडीला किती चिवटपणे धरून राहते, हे लगेच लक्षात येईल. मग विचारावे: काजळीऐवजी राखुंडी घातली असती, तर टायर टिकला असता का? उत्तरासाठी कणांच्या आकाराचा विचार करायला लागतो, आणि तो विचार मुले स्वतः करू शकतात.