राशीचा उतार आणि विजेचा प्रवाह

रहिमतपूरच्या परिसरांत सुगीच्या दिवसांत खळ्यावर पडलेली ज्वारीची रास ज्यानें पाहिली असेल, त्याला एक गोष्ट सांगावयास नको. वरून कितीही दाणे ओतले तरी राशीचा उतार एका मर्यादेपलीकडे चढत नाहीं. अधिक टाकलेला दाणा घरंगळतो. रास तशीच राहूं दिली, तर पावलांच्या हादऱ्यांनीं एखाद-दुसरा दाणा सुटून उतार हळूहळू पसरट होतो. पदार्थविज्ञानांतील एका मोठ्या आशेची परीक्षा ह्याच दोन गोष्टींनीं घेतली, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. परंतु तें खरें आहे.

1911 सालीं हॉलंडांत लायडेन येथें कामर्लिंग ओनेस ह्यांस आढळलें कीं, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारें 4.2 अंशांवर पाऱ्याचा विद्युद्रोध एकाएकीं नाहींसा होतो. हीच अतिसंवाहकता. पुढें 1957 सालीं रशियांत अब्रिकोसोव्ह ह्यांनीं दाखविलें कीं, कित्येक अतिसंवाहकांत चुंबकक्षेत्र सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपानें शिरतें. हे भोवरे सरकले कीं रोध उत्पन्न होतो. पदार्थांतील दोषस्थानीं ते अडकून राहिले, तरच प्रवाह निर्वेध वाहतो. 1962 सालीं अमेरिकेंत बीन ह्यांनीं ह्या भोवऱ्यांच्या गर्दीचें गणित मांडलें. कांठाशीं ती दाट, आंत विरळ. तिच्या उताराची परमावधि म्हणजेच क्रांतिक प्रवाह. त्याच वर्षीं अँडरसन ह्यांनीं दुसरी बाजू सांगितली. उष्णतेच्या कंपनानें अडकलेले भोवरे सुटतात आणि धरून ठेवलेलें चुंबकत्व ओसरतें. 10 सेकंदांपासून 100 पर्यंत जितकें घटेल, सुमारें तितकेंच 100 पासून 1000 पर्यंत. हेंच चुंबकीय शिथिलन.

हा ऱ्हास जुन्या धातूंत इतका मंद होता कीं, व्यवहारांत त्याची फारशी क्षिति बाळगावी लागत नसे. परंतु 1986 सालीं झुरिच येथें बेडनॉर्झ व म्यूलर ह्यांस भाजलेल्या मातीच्या भांड्यांप्रमाणें ठिसूळ असा तांब्याचा अतिसंवाहक संयुग सांपडला, आणि 1987 सालीं ही मर्यादा 93 अंशांच्या आसपास गेली. द्रव नायट्रोजन 77 अंशांवर उकळतो. तेव्हां स्वस्त शीतकाच्या साहाय्यानें वीज विनानाश वाहून नेतां येईल, अशी आशा जगभर पसरली.

ती लवकरच कसोटीस लागली. 1988 सालीं येशुरुन व मालोझेमॉफ ह्यांस अशा स्फटिकांत प्रचंड शिथिलन आढळलें. ह्या द्रव्यांत भोवऱ्यांना अडकविणारे खळगे उथळ, आणि 77 अंशांवरील उष्णतेचे धक्के 4.2 अंशांवरच्या मानानें अठरापट! शिवाय भाजीव द्रव्यांतील कणांच्या सांध्यांवर प्रवाह अडखळे. ह्याच सुमारास मुंबईस तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत चड्ढा, भागवत व रविकुमार ह्यांनीं, क्रांतिक प्रवाह चुंबकक्षेत्रागणिक घटत जातो असें धरून, ह्या द्रव्यांच्या चुंबकत्वाचें गणित सोडविलें. बीन ह्यांनीं उतार सर्वत्र सारखा मानिला होता. येथें तो जागोजागीं बदलता धरला.

आशा मात्र वायां गेली नाहीं. कणांची मांडणी एका दिशेनें साधून आणि योग्य जागीं दोष पेरून शास्त्रज्ञांनीं भोवरे अधिक घट्ट धरले. 2014 सालीं केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकारानें पोलादी कड्यांनीं आवळलेल्या अशाच दोन चकत्यांत 26 अंशांवर 17.6 टेस्ला चुंबकक्षेत्र कोंडण्यांत आलें.

निर्दोषता म्हणजेच सामर्थ्य, असें आपण सहज मानतों. येथें मात्र द्रव्यांतील व्यंगच त्याच्या बळाचा आधार ठरलें. आणि ज्याला चिरस्थायी म्हणावें तेंही मोजूं जातां हळूहळू ओसरत असतें, हें मान्य केल्यावरच त्याला धरून ठेवण्याचा मार्ग सांपडला.