वास्तुछायाचित्रणातील रेषा व रचना

वास्तुछायाचित्रणातील रेषा व रचना : इमारतीच्या कडा, खांब, तुळया, पायऱ्या व कमानी यांतून दिसणाऱ्या रेषांची छायाचित्राच्या चौकटीत केलेली मांडणी. चित्रकार रेषा हवी तशी ओढतो. छायाचित्रकाराला ती वास्तुविशारदाने आधीच आखून दिलेली असते. त्यामुळे कॅमेरा कोठे आणि किती उंचीवर ठेवायचा, हाच रचनेचा मुख्य निर्णय ठरतो. त्याच जागेवरून भिंग बदलले, तर दृश्याचा कमीअधिक भाग चौकटीत येतो. रेषांचे परस्परनाते मात्र जागा बदलल्यावरच बदलते.

उभ्या रेषा : उंच इमारत चौकटीत बसवण्यासाठी कॅमेरा वर कलवला, की समांतर उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. फिल्म किंवा संवेदक भिंतीला समांतर राहिल्यास हा दोष येत नाही. म्हणून कॅमेरा समपातळीत ठेवून केवळ भिंग वर सरकवतात. भात्याच्या जुन्या कॅमेऱ्यांत ही सोय होती. आता शिफ्ट लेन्स वापरतात. संगणकावर रेषा सरळ करताना चित्राच्या कडा कापल्या जातात, तेव्हा टिपतानाच भोवती मोकळी जागा सोडावी लागते. थोडासा झुकाव चूक वाटतो. पायथ्यापासून सरळ वर रोखलेल्या कॅमेऱ्यातला ठळक झुकाव मात्र हेतुपूर्वक वाटतो.

आडव्या व तिरप्या रेषा : दर्शनी भाग अगदी समोरून घेतल्यास सममिती उठून दिसते, पण कॅमेरा जरासा जरी डावी-उजवीकडे वळला, तरी छज्ज्याची रेषा उतरती होऊन डोळ्यांना खटकते. कोपऱ्यासमोरून घेतल्यास दोन्ही बाजूंच्या रेषा दूर जाताना जवळ येतात व वास्तूचा घनाकार जाणवतो. बाजूने येणाऱ्या उन्हात कोरीवकामाच्या बारीक रेषा उठतात, समोरच्या उन्हात त्या सपाट होतात.

प्रसिद्ध उदाहरणे : फ्रेडरिक इव्हान्स यांच्या ‘अ सी ऑफ स्टेप्स’ (१९०३) या चित्रात इंग्लंडमधील वेल्स कॅथीड्रलचा जिना आहे. झिजलेल्या पायऱ्यांच्या वळत्या रेषा नजरेला वर नेतात आणि पुढे उजवीकडे वळवतात. ज्यूलियस शुल्मन यांनी १९६० मध्ये लॉस अँजेलिस येथील वास्तुविशारद पिअर कोनिग यांनी रचलेले ‘केस स्टडी हाउस नं. २२’ हे घर रात्री टिपले. शहराच्या दिव्यांसाठी फिल्म सुमारे सात मिनिटे उघडी ठेवली आणि काचेच्या खोलीत बसलेल्या दोन स्त्रियांसाठी शेवटी फ्लॅश उडवला. छताच्या तुळया ज्या दिशेने बाहेर झेपावतात, त्याच दिशेने खालचे रस्ते दूर जातात. घर व शहर एकाच रेषेने जोडले जाते.

ल्यूसियँ एर्व्हे यांनी १९४९ मध्ये वास्तुविशारद ल कॉर्ब्यूझिए यांच्या मार्सेय येथील इमारतीची एका दिवसात ६५० छायाचित्रे घेतली. पुढे १९६५ मध्ये ल कॉर्ब्यूझिए यांचे निधन होईपर्यंत, चंदीगडसह त्यांच्या अनेक वास्तू एर्व्हे यांनीच टिपल्या. अनावश्यक भाग ते छापील चित्रातून कात्रीने कापून टाकत.