मूलग्रंथिका-संकेतद्रव्ये

शिंबावंत (शेंगा येणाऱ्या) वनस्पतींच्या मुळांवर ग्रंथिका (गाठी) निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजंतूंनी स्रवलेली आणि मुळाच्या वाढीस नवे वळण देणारी रासायनिक द्रव्ये. ग्रंथिकांत राहणारे सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजनाचे अमोनियात रूपांतर करून तो वनस्पतीस पुरवितात व तिच्याकडून कार्बनयुक्त अन्न घेतात. ग्रंथिका सूक्ष्मजंतू घडवितात की वनस्पती, या प्रश्नाचा उलगडा होण्यास सुमारे एक शतक लागले.

द्विदल पिकांनंतर जमिनीचा कस सुधारतो, हा शेतकऱ्यांचा अनुभव फार जुना आहे. हेर्मान हेलरीगेल व हेर्मान व्हिलफार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये त्याचे कारण स्पष्ट केले. निर्जंतुक वाळूत वाढविलेल्या वाटाण्यास ग्रंथिका येत नाहीत व नायट्रोजनाअभावी तो खुरटतो; शेतातील मातीचा अर्क घातल्यास मात्र तो जोमाने वाढतो, असे त्यांना आढळले. १८८८ मध्ये मार्टीनुस बायेरिंक या डच शास्त्रज्ञांनी ग्रंथिकांतील सूक्ष्मजंतू वेगळे करून त्यांचे शुद्ध संवर्धन केले. पुढे त्यांस ऱ्हायझोबियम हे प्रजातिनाम मिळाले.

सूक्ष्मजंतूंच्या सान्निध्यात मूलरोम वाकडे होतात. शिवाय सूक्ष्मजंतू अद्याप पोहोचलेले नसतानाच मुळाच्या आतील भागात कोशिकांचे (पेशींचे) विभाजन सुरू होते. यावरून एखादे विद्राव्य (विरघळणारे) द्रव्य कार्य करीत असावे, असा तर्क होता. इंग्लंडमधील रॉदम्स्टेड येथे एच. जी. थॉर्नटन व एच. निकोल यांनी १९३६ मध्ये सूक्ष्मजंतू गाळून काढलेल्या द्रवानेही मूलरोमांची वाढ उत्तेजित होते, असे दाखविले. त्याच वर्षी के. व्ही. थिमान यांनी ग्रंथिकानिर्मितीत ऑक्सिन या वृद्धिद्रव्याचा भाग असावा, असे मत मांडले. तथापि ऑक्सिन सर्वच वनस्पतींत असते. त्यामुळे ठराविक सूक्ष्मजंतू ठराविक पिकावरच ग्रंथिका का निर्माण करतात, हे त्यावरून उलगडत नव्हते.

याचे उत्तर आनुवंशिकीतून मिळाले. लसूणघासातील ल्युटिओलीन या फ्लॅव्होनॉइडामुळे सूक्ष्मजंतूंतील ग्रंथिकाकारक जीन कार्यान्वित होतात, असे १९८६ मध्ये आढळले. म्हणजे पहिला संकेत वनस्पतीकडूनच जातो. सूक्ष्मजंतूंकडून येणाऱ्या प्रत्युत्तराची रासायनिक संरचना फ्रान्समधील तूलूझ येथील संशोधकांनी १९९० मध्ये निश्चित केली. ग्लुकोसामिनाच्या चार एककांची साखळी, तिला जोडलेले वसाम्ल आणि एक सल्फेट गट अशी ती आहे. सल्फेट गट नसल्यास हे द्रव्य लसूणघासावर निष्प्रभ ठरते, परंतु व्हेच या वनस्पतीवर परिणाम करते. पिकाची निवड अशा बारीक फरकावर अवलंबून असते. १९९१ मध्ये त्याच संशोधकांनी हे शुद्ध द्रव्य लिटरमागे ग्रॅमच्या दशलक्षांशांनी मोजण्याइतक्या अल्प प्रमाणात दिले, तेव्हा लसूणघासाच्या मुळांवर सूक्ष्मजंतूंविना ग्रंथिका उत्पन्न झाल्या. ग्रंथिकेचा आराखडा वनस्पतीतच असतो व सूक्ष्मजंतू केवळ तो कार्यान्वित करतात, हे यावरून सिद्ध झाले.

हा संकेत ओळखणारी वनस्पतीतील ग्राही प्रथिने २००३ मध्ये उजेडात आली. मुळांशी सहजीवन करणारी काही कवकेही तशीच द्रव्ये स्रवतात, असे २०११ मध्ये दिसून आले. संकेत ग्रहण करण्याची ही यंत्रणा शिंबावंत वनस्पतींनी कवकांशी असलेल्या अधिक प्राचीन सहजीवनातून घेतली असावी, असे मानतात. मात्र हा नियम सार्वत्रिक नाही : काही ब्रॅडिऱ्हायझोबियम सूक्ष्मजंतू या द्रव्यांवाचूनही ग्रंथिका निर्माण करतात, असे २००७ मध्ये आढळले.

महाराष्ट्रात सोयाबीन, हरभरा, तूर इ. पिकांच्या बियाण्यास पेरणीपूर्वी सूक्ष्मजंतु-संवर्धक (जिवाणू खत) चोळतात. सोयाबीनचा संवर्धक हरभऱ्यास चालत नाही, यामागे मुख्यतः संकेतद्रव्यांतील हाच भेद आहे. कवकांशी सहजीवनाची यंत्रणा गहू व भात यांतही असल्याने त्यांवर ग्रंथिका आणून नायट्रोजनयुक्त खतांची गरज कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांस अद्याप यश आलेले नाही.