व्यसनमुक्तीतील पूरक उपचार (अमेरिकेतील बेघर माजी सैनिक)

औषधे व समुपदेशन यांच्या जोडीला वापरल्या जाणाऱ्या कर्ण-सूचिचिकित्सा, ध्यान, योग, ताय-ची आदी पद्धती. जानेवारी २०२४ च्या गणनेत अमेरिकेत ३२,८८२ माजी सैनिक बेघर आढळले. व्यसन, युद्धाचा मानसिक आघात आणि जुनी दुखणी यांचा गुंता त्यांच्यापैकी अनेकांत दिसतो.

कर्ण-सूचिचिकित्सेची प्रचलित पद्धत न्यूयॉर्कच्या लिंकन रुग्णालयात १९७० च्या दशकात आकाराला आली. बाह्यकर्णावरील पाच ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचतात आणि रुग्ण ३० ते ४५ मिनिटे खुर्च्यांवर एकत्र, शांत बसून राहतात. कोणाला बोलावे लागत नाही. आपली कहाणी प्रत्येक खिडकीवर नव्याने सांगून थकलेल्या माणसासाठी ही मोठीच सवलत होय. शिवाय निवाराकेंद्रातही हा उपचार सहज देता येतो. पुरावा मात्र तोकडा आहे. कोकेनच्या आहारी गेलेल्या ६२० जणांवरील, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत नुसत्या विश्रांतीपेक्षा सरस ठरली नाही.

मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या सजगता-प्रशिक्षणात तलफ दाबत नाहीत. ती कशी चढते, कशी ओसरते हे श्वासावर लक्ष ठेवून न्याहाळतात.

माजी सैनिक व्यवहार विभागाने २०१७ च्या निर्देशाने अशा अनेक पद्धतींना आपल्या आरोग्यसेवेत स्थान दिले. तरीही ओपिऑइडच्या व्यसनात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनची जागा त्या घेऊ शकत नाहीत. घरासाठी भाडे-साहाय्य व समाजकार्यकर्त्याची साथ देणारी ‘हड-व्हॅश’ योजना स्वतंत्रपणे राबवली जाते.